पायलटचा पेपर

परीक्षेविषयी माझं मत वर्षानुवर्षं ठाम होतं. पेपर हा सोपस्कार आहे, खरं शिक्षण डमीवर होतं. मी बीएएमएस. बरीच वर्षं रुग्णवाहिकेवर काढली, आणि स्ट्रेचर उचलताना कंबर बोलायला लागली तेव्हा मीरा रोडला तातडीच्या वैद्यकीय सेवेचं प्रशिक्षण द्यायला लागले. वर्गात माणसं तऱ्हेतऱ्हेची येतात. नुकतेच पास झालेले आयुर्वेद-होमिओपॅथीचे डॉक्टर, नर्सिंगच्या मुली, बारावीनंतर ईएमटीचा, म्हणजे तातडीच्या सेवेतल्या तंत्रज्ञाचा, कोर्स धरलेली पोरं, कधी एखाद्या सोसायटीचा हौशी सेक्रेटरी. पहिल्याच दिवशी मी सांगायचे, "पेपरचं टेन्शन घेऊ नका, तो निघतो कसाही. हात तयार करा." हे वाक्य वर्गाला आवडायचं आणि मला त्याहून जास्त.

या मताला आधार नव्हता असं नाही. आमच्याकडे चालणारे सीपीआरचे कोर्स बहुतेक अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या धर्तीवरचे. त्यांतल्या बीएलएसच्या, म्हणजे बेसिक लाइफ सपोर्टच्या, पेपरात पंचवीस प्रश्न, पास व्हायला 84 टक्के, म्हणजे एकवीस बरोबर हवेत. भाषा इंग्रजी. भाईंदर पूर्वेच्या मराठी शाळेतून आलेला पोरगा डमीच्या छातीवर मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या लयीत, पाच ते सहा सेंटिमीटर खोल असे सुरेख दाब देतो, आणि "यांपैकी कोणती गोष्ट करू नये" या छापाच्या प्रश्नात नेमका "नये" वाचायचा राहतो. उलट पेपरात जवळजवळ पैकीच्या पैकी घेतलेली मुलगी मास्क पेशंटच्या तोंडावर लावते, आणि ऑक्सिजनचा सिलिंडर उघडलेलाच नसतो. असं चार-सहादा पाहिलं की कुणाचंही मत माझ्यासारखंच होईल.

मग अभ्यास कसा करायचा? त्यावर माझं उत्तर होतं: नोट्स. मी नोट्स फार मन लावून काढल्या होत्या. रंगीत चौकटी, बाण, औषधांचे तक्ते. मुलं त्यांच्या झेरॉक्सवर पिवळा हायलायटर फिरवायची, आणि तो इतक्या उदारपणे की शेवटी न रंगवलेली ओळच उठून दिसायची. विरार लोकलमध्ये उभं राहायला मिळालं तरी नशीब, म्हणून नोट्सचे फोटो मोबाइलवर घेऊन दाराशी लटकत वाचायची. रात्रपाळी करून आलेली मुलगी चहा पीत तेच पान चौथ्यांदा वाचायची. "मॅडम, सगळं कळलंय," असं ती मनापासून म्हणायची आणि मला ते पटायचं. पान ओळखीचं वाटतंय म्हणजे ते येतंय, असं आम्ही दोघींनीही धरून चाललेलं.

हे मत बदललं ते एका पायलटमुळे.

राज्याच्या 108 सेवेत रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात. ही सेवा 26 जानेवारी 2014 ला सुरू झाली, तेव्हा राज्यभर 937 गाड्यांची योजना होती, आणि दर गाडीवर एक डॉक्टर व एक पायलट. प्रशिक्षणाच्या वर्गात पायलट साधारण मागच्या रांगेत बसतात. स्ट्रेचर, मानेचा पट्टा आणि सीपीआर एवढं आलं की पुरे, असं त्यांनाही वाटतं आणि शिकवणाऱ्यालाही. आमच्याकडच्या एका उजळणीला असाच एक पायलट आला होता. पन्नाशीच्या आसपासचा, खिशाला चष्मा, बोलणं बेताचं.

त्या दिवशी मी सगळ्यांना एक केस घातली. उत्तनच्या कोळीवाड्यात लग्नाचं जेवण. पाहुण्यांपैकी एका तरुणाने कोळंबी खाल्ली, अर्ध्या तासात अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, बीपी 80. काय द्याल, किती, कुठे? पुढच्या रांगेतल्या डॉक्टरांनी "ॲड्रेनॅलिन" म्हणून लगेच सांगितलं. "किती?" या प्रश्नावर वर्ग दोन तुकड्यांत फुटला. अर्धे म्हणाले, एक मिलिग्रॅम शिरेतून. ते हृदय थांबलेल्या पेशंटचं उत्तर आहे. त्याच पानावर, त्याच रंगीत चौकटीत, मीच दोन्ही शेजारी-शेजारी छापलं होतं! ज्याचं हृदय चालू आहे अशा माणसाला एक मिलिग्रॅमची अख्खी ॲम्प्यूल शिरेतून एका दमात गेली, तर हृदयाचे ठोके भरकटून जिवावर बेतू शकतं.

मागून आवाज आला, "अर्धी ॲम्प्यूल, मांडीत. बाहेरच्या बाजूला, स्नायूत. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर परत."

मला वाटलं, याने अशी केस पाहिली असणार. तर म्हणाला, एकदाही नाही. मग खोदून विचारलं. त्याच्या गाडीवर पूर्वी एक तरुण डॉक्टर होती. ती पुढच्या कुठल्याशा प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करायची. कॉल नसला की गाडी ठरलेल्या जागी उभी असायची, तेव्हा ती पुस्तक याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, काका, मला विचारा. हा अडखळत इंग्रजी प्रश्न वाचायचा, ती उत्तर द्यायची, हा पुस्तकात बघून बरोबर की चूक सांगायचा. काही दिवसांनी तिने डाव उलटा केला: आता मी विचारते, तुम्ही सांगा. चुकला की उत्तर सांगायची आणि सोडून द्यायची. तीन-चार दिवसांनी, तो विसरला असेल अशा बेताने, एखादा पेशंट सोडून परत येताना दहिसर नाक्याच्या गर्दीत अडकलेले असताना पुन्हा तोच प्रश्न. या माणसाने नोट्स काढल्या नव्हत्या, हायलायटर विकत घेतला नव्हता. त्याला कुणी पेपरही लावला नव्हता. त्याला फक्त पुन्हा पुन्हा विचारलं गेलं होतं.

"हुशार आहे माणूस" म्हणून मी हे सोडूनही दिलं असतं. पण माझ्या नोट्स पाठ असलेले डॉक्टर अडखळले आणि हा अडखळला नाही, हे डोक्यातून जाईना. शोधाशोध केली तेव्हा कळलं की मानसशास्त्रात ही गोष्ट चांगलीच जुनी आहे. माझ्यापर्यंत पोचायला एवढा वेळ लागला याचं वाईट वाटलं. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग अगदी साधा आहे. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले, एक सूर्याविषयी, एक समुद्री पाणमांजराविषयी. एक उतारा वाचून झाल्यावर तो पुन्हा वाचायला लावला. दुसऱ्या उताऱ्याला पुन्हा वाचनाऐवजी कागद बंद करून आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचलेल्याचं पारडं जड: 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने तपासलं तर उलटं: पुन्हा वाचलेलं 42 टक्के उरलं, आठवून लिहिलेलं 56. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या प्रयोगात सगळा वेळ वाचनात घालवलेल्या विद्यार्थ्यांना आपल्याला पुढेही उत्तम आठवेल याची सर्वांत जास्त खात्री होती, आणि आठवड्याने सर्वांत मागे तेच राहिले. चहा पीत चौथ्यांदा पान वाचणारी माझी विद्यार्थिनी मला तिथे लख्ख दिसली.

ही झाली कॉलेजच्या मुलांची आणि पाणमांजरांची गोष्ट. आपल्या कामाला ती लागू होते का? लार्सन, बटलर आणि रोडिगर यांनी 2009 मध्ये नेमकं हेच बालरोग आणि इमर्जन्सी मेडिसिन शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांवर तपासलं. न थांबणारी फिट आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिस हे दोन विषय शिकवले. एका विषयावर थोड्याथोड्या अंतराने चाचण्या, दुसऱ्यावर त्याच अंतराने माहितीचा कागद वाचायला. सहा महिन्यांहून अधिक काळाने घेतलेल्या परीक्षेत चाचण्यांच्या विषयाचे गुण सरासरी 13 टक्क्यांनी जास्त आले. सहा महिने म्हणजे आमच्या धंद्यात खूप. सीपीआरच्या कार्डाची मुदत दोन वर्षं असते, पण शिकलेलं काही महिन्यांतच घसरायला लागतं हे कुणीही प्रशिक्षक सांगेल.

आणि मग आजोबा आठवले. दिवेलागणीला परवचा म्हणवून घ्यायचे ते. शुभंकरोती झाली की पाढे, आणि ओळीने म्हणून झालं की मध्येच बोट रोखून भलताच पाढा विचारायचे. मोठी झाल्यावर या सगळ्याला मी सरसकट घोकंपट्टी म्हणत आले. ओळीने म्हणणं ही घोकंपट्टी असेलही, पण मध्येच बोट रोखून विचारणं हे वेगळं होतं, आणि रोज होतं.

आता वर्ग सुरू होतो तो कोऱ्या कागदाने. कालचं, गेल्या आठवड्याचं, कधी आज शिकवायचं आहे तेसुद्धा. पाच मिनिटं, पुस्तक बंद, मोबाइल पिशवीत. लिहून झालं की उत्तरं मी सांगते, ज्याचं त्याने तपासायचं, कागद ज्याचा त्याने घरी न्यायचा. पहिल्या तुकडीने बंडच केलं. "मॅडम, शिकवलंच नाही तर विचारता कसं?" असा रास्त प्रश्न एका होमिओपॅथी डॉक्टरने केला. मी म्हटलं, पेशंट तरी शिकवून कुठे येतो? हे उत्तर वर्गात खपलं, पण खरं कारण वेगळं आहे. चुकीचं उत्तर एकदा स्वतःच्या हाताने लिहिलं की बरोबर उत्तर ऐकताना कान टवकारलेले असतात.

प्रश्न मी स्वतः काढते. तयार पेपरात मण्यार येत नाही. इथे घोडबंदर रोडला चेणे-काजूपाड्याच्या मागे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावली तर सूज नसते, जखम दिसेलच असं नाही. पहाटे पोट दुखतं म्हणून फोन येतो आणि पापण्या जड झालेल्या असतात. "पोटदुखी, उलटी, पापण्या खाली. पहिलं काय बघाल?" याचं उत्तर श्वास. सर्पविषावरचं औषध हॉस्पिटलात मिळेल. गाडी गायमुखच्या चढावर ट्रकांच्या मागे अडकली असेल तर तोवर मास्कला जोडलेली पिशवी दाबत श्वास द्यायचा आहे. हा प्रश्न मी दर तुकडीला निदान तीनदा विचारते, दर वेळी कपडे बदलून. एकदा पेशंट म्हातारी असते, एकदा वीटभट्टीवरचा मजूर, एकदा शाळकरी मुलगी, जी "परीक्षेला घाबरून" पोट दुखल्याचं सांगते.

मात्र पूर्ण बाजू बदलली असं कुणी समजू नये. दोन वर्षांतून एकदा इंग्रजीत होणाऱ्या त्या पेपरविषयी माझं मत जवळजवळ तेच आहे. तो त्या दुपारची आठवण मोजतो. शिवाय कागदावर "पाच सेंटिमीटर" लिहिणारा हात खरोखर किती खोल जातो हे डमीच सांगते, आणि त्याचीही उजळणी दोन वर्षांनी करून भागत नाही. सिलिंडर उघडायला विसरणारी मुलगी अजून प्रत्येक तुकडीत असते, आणि तिला कोरा कागद सुधारत नाही. तिच्या हातून तो सिलिंडर दर वेळी उघडून घ्यावा लागतो.

तोंडी प्रश्नांचं तर मला अजून नीट जमलेलं नाही. चाळिशीतल्या, घर-पोरं-ड्युटी सांभाळून आलेल्या सिस्टरला चारचौघांत उभं करून विचारलं की येत असलेलंही जातं. पोरांना तेच प्रश्न खेळासारखे वाटतात. म्हणून तिच्यासारख्यांना मी जोडी लावून देते: पुस्तक एकीच्या हातात, उत्तर दुसरीच्या तोंडात, मग उलट. पायलटच्या गाडीतली पद्धत, दुसरं काही नाही. वसई-विरारकडे राहणाऱ्या दोघी तर हे लोकलच्या लेडीज डब्यात करतात. शेजारची बाई एकदा म्हणाली म्हणे, अहो, ते मांडीतलं इंजेक्शन आता मलाही पाठ झालं.

सध्या भांडण चाललंय ते रजिस्टरवरून. ऑफिसचं म्हणणं, एवढ्या चाचण्या घेता तर मार्कांची नोंद ठेवा, सरासरी काढा, पालकांना पाठवा. पालकांना! वर्गात निम्मे लोक स्वतःच पालक आहेत. मी मार्क नोंदवत नाही, कारण मार्क धरले की लोक बिनधास्त चुकायचं सोडतात, शेजारच्या कागदावर नजर जाते, आणि मग तो पुन्हा माझ्या जुन्या ओळखीचा पेपर होतो. हे मी ऑफिसला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजावण्याऐवजी साहेबांना एक कोरा कागद देऊन कोळंबीची केस घातली. "एक मिलिग्रॅम, शिरेतून," त्यांनी लिहिलं. रजिस्टरचा निर्णय पुढच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये आहे. तोवर मी त्यांना आणखी एकदा विचारणार आहे.