भिंतीला पाणी

भिंतीवर मुद्दाम पाणी मारायचं, ही कल्पनाच मला कधी मानवली नाही. मुंबईकराचं निम्मं आयुष्य ओलीशी भांडण्यात जातं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, खिडकीच्या फटीत सिलिकॉन, कपाटामागचे काळे डाग. त्यामुळे जुना वॉलपेपर कोरडाच काढावा, पत्र्यानं खरवडावा, पुट्टी निघाली तर निघाली, नंतर भरता येते, असं मी छातीठोकपणे सांगत असे. कुणी विचारलं नसलं तरी सांगत असे.

हे मत बदललं ते आमच्याकडे आलेल्या पेंटरकाकांमुळे. बेडरूमचा फुलाफुलांचा कागद काढायचा होता. काकांनी पत्रा पिशवीतून काढलाच नाही. कोपऱ्यात नख घालून वरचा चकचकीत पापुद्रा ओढला, तो लांबलचक पट्ट्यांनी सुटून आला. खाली भुरकट, लवदार कागद तसाच राहिला. "वरचं प्लास्टिक आहे साहेब, त्याच्यावर बादलीभर ओता, आत थेंब जाणार नाही. पाणी पितो तो हा खालचा." मग स्प्रेच्या बाटलीत कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब. फवारलं आणि चहा मागितला! मी अस्वस्थ. चहा होईपर्यंत कागद फुगून त्याला सुरकुत्या पडल्या होत्या. काकांनी रुंद प्लास्टिकची पट्टी जवळजवळ आडवी धरून सरकवली, आणि कागद दुधावरच्या सायीसारखा गोळा होत आला. खालच्या पुट्टीवर ओरखडा नाही.

कारण साधं आहे. वॉलपेपरची खळ बहुधा स्टार्च किंवा सेल्युलोजची असते. वाळली तरी पाण्यानं पुन्हा मऊ होते. कोरडी असताना मात्र ती पुट्टीला धरून बसते, म्हणून पत्रा लावला की कागदाबरोबर पुट्टीचे टवके येतात. सुतारानं फेविकॉलनं चिकटवलेला कागद इतक्या सहजासहजी निघत नाही, तिथे पुन्हा पुन्हा भिजवावं लागतं. कागद गेल्यावर ओल्या भिंतीवरून तळहात फिरवा. बुळबुळीत लागलं तर खळ शिल्लक आहे. ती स्पंजनं धुतली नाही तर नवा रंग त्यावर धरत नाही, पोपडे येतात.

पण माझी जुनी भीती अगदीच खुळी नव्हती. जिप्सम किंवा पीओपीची भिंत भिजली की खरंच मऊ पडते. तिथे हातभर भागच ओला करायचा आणि लगेच पुसायचा. स्विचबोर्डाजवळ जायचं तर आधी एमसीबी खाली. स्टिकरसारख्या कागदाला पाणी लागतच नाही, हेअर ड्रायरनं गरम करून सावकाश सोलायचा. आणि पावसाचा मार खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर पुन्हा व्हिनाइलचा कागद लावू नये, हे माझं मत आजही कायम आहे. ओल त्याच्यामागे कोंडते आणि बुरशी धरते. ती दिसते ती कागद काढल्यावरच.

पावसाळ्यात हे काम काढू नका, भिंत वाळत नाही. दिवाळीनंतर काढा. आणि "सगळं खरवडून नव्यानं पुट्टी मारू" असं सांगणाऱ्याला आगाऊ पैसे देण्याआधी एक कोपरा भिजवून दाखवायला सांगा.