मुक्काम पोस्ट गेगोंग

प्रवासात होत नाहीत एवढी भांडणे प्रवासाला निघण्यापूर्वी होतात, असे जाणते लोक सांगतात. आमचा प्रवास अजून सहा महिने लांब आहे. पण भांडणांच्या हिशेबाने आम्ही अर्धी पृथ्वी पालथी घातली आहे.

आमच्या घराण्यात समुद्र ओलांडलेला माणूस नाही. वडील गिरणीत होते. त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास तिरुपतीपर्यंतचा, आणि परत आल्यावर पुढची वीस वर्षे त्यांनी तो पुरवून पुरवून सांगितला. मी स्वतः मॅट्रिक. पुढे चित्रकलेची पदविका घेतली, सोलापूरच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहू लागलो. माझ्या कादंबऱ्यांतली माणसे लंडन-पॅरिसला सर्रास जाऊन येतात, कारण त्यांना तिकिटाचा खर्च पडत नाही.

यंदा मात्र वेतनाच्या फरकाचा हप्ता आणि दोन पुस्तकांचे मानधन एकाच महिन्यात हाती आले. असा योग आमच्या पत्रिकेत पुन्हा असेलसे वाटत नाही. थोरली नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती संध्याकाळी जर्मन भाषेच्या शिकवणीला जाते, आणि पुढच्या वर्षाअखेर नोकरीसाठी तिकडे जायचे म्हणते. "त्याआधी एकदा सगळे मिळून कुठे तरी लांब जाऊ," असे तीच म्हणाली. आई त्या वेळी लसूण सोलत होती. ती काही बोलली नाही.

स्वित्झर्लंडचा आकडा ऐकून आम्ही खाली बसलो. चीनचा आकडा ऐकूनही बसलोच, पण पुन्हा उठता आले. २०२० पासून बंद असलेली थेट विमाने २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली होती, आणि प्रवासी कंपनीच्या तरुणाने गुळगुळीत कागदावरचा कार्यक्रम आमच्यापुढे उलगडला : बीजिंग, शिआन, शांघाय, आठ रात्री, नऊ दिवस.

मी त्या नऊ दिवसांचा तक्ता ड्रॉइंगच्या कागदावर नऊ रंगांत काढला आणि स्वयंपाकघराच्या दाराला लावला. तिथेच माझे चुकले. कागद दिसला की प्रत्येकाला त्यावर दुरुस्ती सुचते.

धाकट्याला वेगाच्या गाडीशिवाय दुसरे काही दिसेना. थोरलीने शांघायच्या उंच इमारतींखाली दोनदा रेघ ओढली. आमच्या सौभाग्यवती मात्र तक्त्यापुढे बराच वेळ उभ्या राहून म्हणाल्या, "नऊच्या नऊ दिवस शहरंच? गर्दीच बघायची तर संक्रांतीला गड्ड्यावर जाऊ की. दोन दिवस तरी शेतं, डोंगर, झाडं असं काही नको का?"

मुद्दा बिनतोड होता. मी तो कंपनीच्या तरुणापुढे मांडला. त्याच्याजवळ खेडेही तयार होते. शांघायच्या आसपास कालव्यांकाठी जुनी गावे आहेत. कमानीचे पूल, लाल कंदील, होडीतून फेरी. काही गावांत शिरायला तिकीट आहे, तेवढे तो काढून देणार होता.

"गावात शिरायला तिकीट?" आईने विचारले. मंगळवेढ्याकडच्या खेड्यात वाढलेल्या बाईला हे पटण्यासारखे नव्हते.

खरे म्हणजे आईला या साऱ्या बेतातच फारशी गोडी नव्हती. चीनच्या भिंतीबद्दल ती म्हणाली, "भिंत बघायला एवढ्या लांब? आपला भुईकोट काय वाईट आहे?" शिआनजवळची मातीच्या सैनिकांची फौज १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडली, हे मी रंगवून सांगितले, तर तिने उसासा टाकला. "बहात्तरच्या दुष्काळात आम्हीही विहीर खणली होती. निघाला नुसता मुरूम."

पासपोर्टासाठी तिची जन्मतारीख शोधली, ती १ जून निघाली. तिच्या पिढीतले निम्मे लोक १ जूनला जन्मले आहेत, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांना तीच तारीख सोयीची वाटे. मीही मास्तर असल्यामुळे या विषयावर अधिक बोलत नाही.

आणि मग एका रात्री, जेवणे आटोपल्यावर, तिने विचारले, "अरे, आपले कोटणीस डॉक्टर चीनलाच गेले होते ना? ते गाव कुठलं?"

मी गप्प झालो. भय्या चौकातल्या कोटणीसांच्या घरावरून मी शेकडो वेळा गेलो आहे. दर वर्षी १० ऑक्टोबरला, त्यांच्या जन्मदिवशी, मी वर्गात मुलांना त्यांचे चित्र काढायला देतो. चश्मा जरा चुकला तरी गुण कापतो. पण तो माणूस कोणत्या गावी राहिला, हे मला सांगता येईना.

मग पुस्तके काढली. द्वारकानाथ शांताराम कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले आणि मुंबईला शिकून डॉक्टर झाले. जपानने चीनवर आक्रमण केले होते; १९३८ साली काँग्रेसने तिकडे पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात नागपूरच्या डॉक्टर चोळकरांबरोबर हेही होते. मुंबईहून बोटीने हाँगकाँग, मग कॅन्टन, हानकौ, चुंगकिंग, तिथून येनान. वडील गेल्याची बातमी त्यांना तिकडेच कळली, तरी ते परतले नाहीत. पुढे हपे प्रांतातल्या डोंगराळ मुलखात कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. १९४१ साली परिचारिकांना शिकवणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले. पुढच्या ऑगस्टात मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ते मूल चार महिन्यांचेही झाले नव्हते, तेव्हा ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने डॉक्टर गेले. ज्या गावी गेले, त्याचे नाव गेगोंग, तालुका म्हणावा तर तांग.

ही नावे एका ओळीत लिहिली आणि मी माझ्या तक्त्याकडे पाहिले. त्या माणसाचा प्रवासही नामांकित शहरांनीच सुरू झाला होता. एकेक शहर मागे पडत गेले आणि अखेर नकाशावर भिंग लावून शोधावे लागेल, असे एक खेडे उरले. शहरे त्याने पाहिली. राहिला तो खेड्यात.

कंपनीच्या तरुणाने कपाळाला हात लावला. "सर, तिथे पॉइंट काहीच नाही!" त्यांच्या भाषेत जिथे उतरून फोटो काढता येतो, त्याला पॉइंट म्हणतात. पण मुलगा भला. त्याने चौकशी केली. बीजिंगहून शिजियाझुआंग सुमारे २८० किलोमीटर. वेगाची गाडी तासाभरात नेते. तिथल्या शहीद स्मारकात कोटणीसांची समाधी आहे, बेथ्यून यांचीही आहे. गंमत म्हणजे त्या शहराच्या नावाचा अर्थच मुळी 'शी घराण्याची वाडी' असा आहे. रेल्वे आली आणि वाडीचे शहर झाले. तिथून मोटारीने तांगकडे. मात्र यासाठी दोन दिवस हवेत, आणि ते शांघायमधूनच काढावे लागतील.

थोरली उसळली. "बाबा, मी एकच गोष्ट मागितली होती. पुढच्या वर्षी मी इथे नसेन. परत आपण सगळे एकत्र कधी जाणार?"

तिचेही खरे होते. मी खोडरबर घेऊन उभा राहिलो आणि कोणता चौकोन खोडावा, ते मला कळेना. नवऱ्याने, बापाने आणि मुलाने एकाच वेळी न्यायाधीश होऊ नये.

तेवढ्यात आईने नातीला विचारले, "कोटणीसांच्या आईला कुणी सांगितलं असेल का गं, तो तिकडे जेवत काय होता ते?"

थोरली क्षणभर आजीकडे पाहत राहिली. मग तिने मोबाइल उघडला आणि बराच वेळ वाचत बसली. "आजी, त्या डोंगरात भात पिकत नव्हता. लोक राळे खायचे. आणि ज्वारीसुद्धा पिकायची तिकडे. आता मका आणि गहू जास्त असतो म्हणे."

"राळे?" आईचा चेहरा उजळला. "म्हणजे आपल्या भोगीच्या भाताचे? मग उपाशी नाही राहिला तो." आणि थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, "आपलं पोर जिथं राहतं ते गाव एकदा बघून यावं. मग घोर लागत नाही."

यावर कुणी काही बोलले नाही. आई कोणत्या पोराबद्दल बोलत होती, हे घरातल्या धाकट्यालाही कळले होते. सकाळी उठून पाहतो तो तक्त्यावरची शांघायची एक रात्र थोरलीने आपल्या हाताने खोडली होती आणि तिथे 'गेगोंग' असे लिहिले होते. दुसरी रात्र तिने ठेवली होती. ती मीही काढायला सांगितली नाही. दुसरा दिवस मी शिआनमधून काढला. आईने मुरुमाची विहीर पाहिलेली असल्यामुळे तिची हरकत नव्हती. सौभाग्यवतींना डोंगर आणि शेते मिळाली, धाकट्याला वेगाची गाडी आणखी एकदा. तिकीट लागणारे गाव आपोआपच गळाले.

प्रत्यक्ष गेगोंगला पोचू की नाही, ते ठाऊक नाही. कदाचित समाधीपर्यंतच जाऊन परतावे लागेल. तिथे पोचलोच, तर आमची भाषा कुणाला येणार नाही आणि फोटो काढण्यासारखे काही असेलच असे नाही. पण एक मला उमगले आहे. शहर पाहायला जायचे असते. गावी कुणाला तरी भेटायला जायचे असते. शहरे किती आणि खेडी किती, असा वाद घालत आम्ही महिनाभर तक्ता खोडत बसलो होतो. कुणाकडे जायचे, हे ठरले आणि बाकीचे दिवस आपोआप जागेवर बसले.

आता घरात बांधाबांधीचा आधीच सराव चालू आहे. शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्या किती न्यायच्या यावर नवे भांडण सुरू झाले आहे, ते दिवाळीनंतर मिटेल. काल संध्याकाळी आईने कपाटातून दोन नव्या कोऱ्या सोलापुरी चादरी काढून पलंगावर ठेवल्या.

"आई, मे महिन्यात जायचंय. चादरी कशाला?"

"डिसेंबरात गेला म्हणालास ना तो? थंडी असेल रे तिकडे. एक त्याच्या समाधीवर घालू."

"आणि दुसरी?"

तिने चादरीची घडी हाताने सारखी केली. आतल्या खोलीतून थोरलीचे जर्मन धडे घोकणे ऐकू येत होते.

"ती इथंच ठेव," आई म्हणाली. "तिच्या पेटीत घालायची आहे."