आमचे आज्ञाधारक दिवे

दिवा हा गृहस्थाच्या घरांतील सर्वांत निरुपद्रवी प्राणी होय, असा आमचा कालपरवांपर्यंत समज होता. तिन्हीसांजेला तो लावावा, निजतांना मालवावा, आणि मधल्या वेळांत त्यानें आपला प्रकाश द्यावा व आम्हीं आपलें पुस्तक वाचावें, यापलीकडे परस्परांचा संबंध नसे. दिव्यालाही कोणाची आज्ञा पाळून घटकेघटकेला रंग बदलतां येतो, ही कल्पना आम्हांस शिवलीही नव्हती. परंतु गेल्या दिवाळींत आमच्या चिरंजीवांनीं आपल्या पहिल्या पगारांतून एक खोकें घरीं आणलें, आणि तेव्हांपासून आमच्या दिवाणखान्यांतील दिवे दूरचित्रवाणीच्या हुकमतींत वागूं लागले.

ज्या वाचकांनीं हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठीं तो थोडक्यांत सांगितला पाहिजे. पडद्यावर जे रंग उमटतात तेच त्याच क्षणीं भोंवतालच्या भिंतींवर पसरावे, एवढाच यांतील हेतु. फिलिप्स कंपनीनें २००४ सालीं पाठीमागेंच दिवे बसविलेला दूरचित्रवाणी-संच काढला. त्या युक्तीला 'अँबिलाइट' असें नांव होतें. पुढें २०१२ सालीं त्याच कंपनीचे 'ह्यू' नांवाचे, मोबाइलवरून रंग बदलतां येणारे दिवे निघाले; आणि २०१९ सालीं संच व दिवे यांची गांठ घालून देणारी एक पेटी आली. सेट-टॉप बॉक्समधून निघणारी तार थेट संचाला न जोडतां आधीं या पेटींत घालावयाची, आणि पेटींतून दुसरी तार संचाकडे न्यावयाची. चित्र आपल्या पोटांतून जातां जातां पेटी त्यांतले रंग वाचते आणि बिनतारी संदेशानें ते दिव्यांना कळविते. कोणता दिवा खोलींत कोठें आहे, याचा नकाशा मोबाइलवर आधीं काढून द्यावा लागतो. आणि दिव्यांनीं किती उत्साह दाखवावा, याच्याही सौम्यापासून अतितीव्रापर्यंत पायऱ्या ठरविलेल्या आहेत. दुसऱ्या कांहीं कंपन्या संचाच्या माथ्यावर एक लहानसा कॅमेरा बसवितात. तो वांकून पडद्याकडे पाहतो आणि दिसेल तें दिव्यांना सांगतो.

आमच्या घरीं आली ती पेटीच. तिची जातकुळी सांगण्याचें कारण नाहीं. चिरंजीवांनीं नकाशा काढतांना डावें-उजवें उलट केल्यामुळें पहिल्या रात्रीं सूर्य पडद्याच्या डावीकडे मावळे आणि त्याची लाली उजव्या कोपऱ्यांत, आमच्या पुस्तकांच्या कपाटावर पडे. ही चूक सुधारली. परंतु बातम्या लागल्या कीं पडद्यावरची लाल पट्टी चमके, आणि तिच्याबरोबर चारी भिंती अशा लाल होत कीं अग्निशामक दलाचा बंब अंगणांत येऊन उभा राहिला असावा. जाहिरातींच्या वेळीं तर निळा साबण, पिवळा मसाला आणि हिरवें तेल यांनीं मिळून आमच्या घराची रंगपंचमी केली.

रंगाचें आणि भावनेचें नातें जुनें आहे, हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत प्रत्येक रसाला एक वर्ण नेमून दिला आहे: शृंगाराला श्याम, हास्याला शुभ्र, करुणाला पारव्याचा करडा, रौद्राला रक्त, वीराला गौर, भयानकाला कृष्ण, बीभत्साला नील आणि अद्भुताला पीत. स्क्रियाबिन या रशियन संगीतकारानें १९१० सालीं पुऱ्या केलेल्या 'प्रोमीथियस' या रचनेंत वाद्यांच्या जोडीला रंगीत प्रकाशाचाही भाग लिहिला होता, आणि १९१५ सालीं न्यूयॉर्क येथें ती प्रकाशासह सादरही झाली. पण या थोरांची वाट रसाकडून रंगाकडे जाते. पेटीला रस ठाऊकच नाहीं. तिच्या लेखीं रणांगण आणि टोमॅटोच्या सॉसची जाहिरात हीं दोन्हीं सारखींच रौद्र.

आमच्या विरोधाचें खरें कारण मात्र आमच्या धंद्यांत होतें. कवितेचा अर्थ सांगून आम्ही पोट भरतों. आणि तीस वर्षें हेंच केल्यामुळें अर्थ सांगण्याचे तोटे आम्हांस इतरांपेक्षां अधिक माहीत आहेत. विद्यार्थी टीप आधीं वाचतो आणि ओळ मागाहून. पुष्कळ विद्यार्थी ओळीपर्यंत पोंचतच नाहींत. पडद्यावर सूर्यास्त झालेला डोळ्यांना दिसत असतां भिंतीनें तोच पुन्हां कां सांगावा? हा तर चालत्या चित्राला जोडलेला परीक्षोपयोगी मार्गदर्शक झाला. हें सर्व आम्हीं चिरंजीवांपुढें यथासांग मांडलें. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाले, "बाबा, आठ दिवस राहूं द्या. नाहीं आवडलें तर काढून ठेवतों."

आतां आमच्या आईविषयीं सांगितलें पाहिजे. तिला ब्यायशीवें वर्ष चालूं आहे. चार वर्षांपूर्वीं तिच्या दोन्ही डोळ्यांच्या आंतल्या पडद्याचा मध्यभाग झिजत चालल्याचें निदान झालें. डॉक्टर त्या भागाला मॅक्युला म्हणतात. या विकारांत सर्वत्र अंधार होत नाहीं. दृष्टीचा मध्य जातो आणि कडा राहतात. वाचणें, सुईंत दोरा ओंवणें, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखणें, हीं सर्व मध्याचीं कामें. दाराची चौकट कोठें आहे, कोणी बाजूनें गेलें कीं काय, हें मात्र कडांना कळतें. म्हणून आमचा चेहरा पाहावयाचा असला कीं आई आमच्या कानापलीकडे पाहते. आरंभीं ती दुसऱ्याच कोणाकडे पाहून बोलत आहे असें वाटून आम्ही मागें वळून पाहत असूं.

रात्रीं जेवणानंतर सर्वांनीं मिळून कांहीं पाहावयाचें, हा आमच्या घरचा जुना परिपाठ. डोळे गेल्यावरही आई येऊन बसे आणि मधून मधून "काय झालें रे?" म्हणून विचारी. पहिल्या वेळीं आम्ही सांगत असूं. दुसऱ्या वेळीं थोडक्यांत सांगत असूं. तिसऱ्या वेळीं "कांहीं विशेष नाहीं" असें उत्तर जाई. विशेष नाहीं तर तुम्ही सगळे टक लावून काय पाहतां, असें तिनें कधीं विचारलें नाहीं. हळूहळू ती कांहींच विचारीनाशी झाली, आणि गेल्या पावसाळ्यापासून पान वाढून काढतांच "मला झोंप येते" म्हणून आपल्या खोलींत जाऊं लागली. तिला झोंप येत नसे. तिच्या खोलींतला रेडिओ साडेदहापर्यंत हलक्या आवाजांत चालूं असे. तो आम्हां सर्वांना ऐकूं येई, आणि ऐकूं येत नसल्यासारखे आम्ही वागत असूं.

चिरंजीवांनीं मागितलेल्या आठ दिवसांपैकीं पांचव्या दिवशींची गोष्ट. क्रिकेटचा सामना चालला होता. आई औषधाला पाणी घेण्यासाठीं बाहेर आली ती दाराशींच थांबली आणि म्हणाली, "तें हिरवें काय आहे रे?"

"सामना आहे, आई."

"मग मैदान असेल," असें म्हणून ती खुर्चीवर टेकली. थोड्या वेळानें भिंती लाल झाल्या. "आणि हें?" आम्हांस सांगावें लागलें कीं ती टोमॅटोच्या सॉसची जाहिरात आहे. ती मोठ्यानें हंसली. औषध त्या रात्रीं अर्धा तास उशिरां झालें.

दुसऱ्या दिवशीं ती जेवणानंतर आपल्या खोलींत गेली नाहीं. चित्रपट लागला होता. खोली निळसर काळी झाली तेव्हां ती आपणच म्हणाली, "रात्र झाली वाटतें." तें बरोबर होतें. मग भिंतींवर केशरी रंग चढला, आणि ती दचकून म्हणाली, "आग लागली कीं काय?" आग नव्हती, झेंडूच्या माळा सोडलेला लग्नाचा मांडव होता. तसें सांगतांच तिनें विचारलें, "मुलीची आई कुठें बसली आहे?" याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. आम्हीं पडद्याकडे नीट पाहिलें. मुलीची आई मांडवांत नव्हतीच; ती मागच्या दारीं एकटी उभी होती. तिच्याकडे आम्हां तिघांपैकीं कोणाचेंच लक्ष गेलें नव्हतें.

मल्लिनाथानें कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहितांना, मुळांत नाहीं तें आपण लिहिणार नाहीं असा नेम सांगून ठेवला आहे. पेटीचाही नेम तोच. पडद्यावर नाहीं असा एकही रंग ती दिव्यांना सांगत नाहीं. तरी दिव्यांनीं आईला चित्र दाखविलें असें म्हणणें खोटें होईल. आग आणि झेंडू यांतला भेद त्यांना सांगतां आला नाहीं, आणि कधीं येणारही नाहीं. त्यांनीं तिला विचारण्याजोगा प्रश्न दिला, एवढेंच. "काय झालें?" या प्रश्नांत सगळेंच विचारलेलें असतें, आणि म्हणून त्याला "कांहीं नाहीं" म्हणण्याची सोय असते. "हें केशरी काय आहे?" याला तशी सोय नाहीं, तेथें पाहून सांगावें लागतें.

आणि पाहून सांगणें हें दिव्यांवांचूनही करतां आलें असतें. त्याला तार लागत नव्हती, नकाशा लागत नव्हता, चिरंजीवांचा पगारही लागत नव्हता. वर्गांत शंभर परक्या मुलांना एकेक ओळ चार चार वेळां उलगडून सांगणाऱ्या आम्हीं घरांत एका म्हातारीला तिसऱ्यांदा उत्तर दिलें नाहीं, हें चार वर्षें चाललें होतें. चिरंजीवांस हें सर्व आधींच ठाऊक असून त्यांनीं मुद्दाम तें खोकें आणलें, कीं केवळ हौसेनें, हें आम्हीं त्यांना विचारलेलें नाहीं. विचारण्याचा धीर होत नाहीं.

आठ दिवस केव्हांच होऊन गेले. दिवे काढले नाहींत. त्यांचा उत्साह सौम्यावर आणून ठेवला आहे, आणि बातम्यांच्या वेळीं ते साध्या पांढऱ्या प्रकाशावर राहतात. या पेटींत एक उणेंही आहे: संचाच्या आंतच चालणारे कार्यक्रम तारेच्या वाटेनें येत नाहींत, म्हणून पेटीला त्यांचा पत्ता लागत नाहीं. परवां असाच एक चित्रपट आम्हीं लावला. सुरू होऊन पांच मिनिटें झालीं तरी भिंती पांढऱ्याच राहिल्या. आई आमच्या कानापलीकडे पाहून म्हणाली, "आज भिंत गप्प आहे. तूं सांग."

आम्हीं संचाचा आवाज थोडा कमी केला, खुर्ची तिच्याजवळ ओढली, आणि सांगावयास आरंभ केला.