उलटे ओतू नये

इंग्रजी तपासून देणे हा आम्हां भाषाशिक्षकांचा बिनपगारी उद्योग होय. अर्ज, निमंत्रणे, दुकानांच्या पाट्या, काहीही आमच्यापुढे येते. आणि खरे सांगावयाचे तर तांबड्या शाईची लेखणी हाती आली की आम्हांस थोडा कैफही चढतो.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याची पांढुर्णा-सौंसर भागात संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. कलमे परप्रांतांतही जातात, म्हणून सोबत देण्यासाठी बोर्डो मिश्रणाची कृती त्याने इंग्रजीत लिहून आणली. फ्रान्समधील बोर्डो प्रांती द्राक्षवेलींसाठी निघालेले व मिलार्दे यांनी १८८५ साली प्रसिद्ध केलेले हे औषध संत्र्याच्या डिंक्या रोगावरही वापरतात. १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवावयाचा, १ किलो चुना निराळ्या ५० लिटरांत कालवावयाचा. भांडी धातूची नकोत. मग मोरचुदाचे निळे पाणी चुन्याच्या निवळीत नव्हे, ढवळलेल्या चुन्याच्या पाण्यात हळूहळू सोडावयाचे. चुना मोरचुदात ओतला तर मिश्रण दाणेदार होऊन लवकर तळाशी बसते व फवारणीपंपाचे तोंड तुंबते.

त्याने लिहिले होते: "फर्स्ट लाइम वॉटर. ब्लू वॉटर पुट इन दॅट, स्लो स्लो. डोन्ट डू उलटा." आम्ही हसलो. कर्ता नाही, क्रियापद जागेवर नाही, आणि हा 'उलटा' कोठून आला? आम्ही ऐटीत लिहिले, "द टू सोल्यूशन्स शुड बी मिक्स्ड स्लोली अँड केअरफुली." व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य!

त्याने ते दोनदा वाचले. मग डोके खाजवीत म्हणाला, "सर, चांगलं झालं जी. पण कशात काय टाकायचं, ते कुठं गेलं?"

आम्ही निरुत्तर झालो. कर्मणी प्रयोगाच्या आडोशाला आम्ही क्रमच गमावला होता. असे पत्रक छापून दूरच्या एखाद्या बागेत गेले असते, तर तेथील मनुष्याने पिंपात काय ओतावे हे त्याचे दैवच ठरवते. आणि फुकट गेलेल्या मोरचुदाबद्दल आम्हांस कोणी विचारावयासही आले नसते.

पुन्हा बसलो, या वेळी त्याला शेजारी घेऊन. पुढे एक वाक्य होते: "नाइफ डिप. इफ रेड कमिंग, लाइम शॉर्ट." लोखंडी सुरी मिश्रणात बुडवावी, पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे उरले आहे, आणखी चुना घालावा. चार शब्दांत एवढे रसायन आम्हांस सांगता आले नसते. आम्ही क्रियापद घातले, बाकी हात लावला नाही. 'उलटा' मात्र काढावा लागला. परप्रांतीयांस तो समजता ना. त्या जागी, चुना कधीही निळ्या पाण्यात ओतू नये, असे स्वतंत्र वाक्य ठळक अक्षरांत आले.

राहिले 'स्लो स्लो'. इंग्रजीस एकच 'स्लोली' पुरते. आमच्या कोकणीत मात्र 'सवकास सवकास' म्हटल्यावाचून हात आवरत नाही, मराठीतही 'हळू' दोनदा येते. तो म्हणाला, "एकदाच लिहिलं तर लोक भसकन ओततात जी."

आम्ही टोपण लावून लेखणी खिशात ठेवली. पत्रकात 'स्लो स्लो' तसेच छापले आहे.