आधी वरची पट्टी

वांगणीचं नाव महाराष्ट्रभर पोचलं ते १७ एप्रिल २०२१च्या घटनेमुळे. अंध आईबरोबर फलाटावरून चालणारं मूल रुळांवर पडलं, समोरून गाडी येत होती, आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी जिवावर उदार होऊन धावत जाऊन त्याला वाचवलं. मिळालेल्या बक्षिसातला अर्धा वाटाही त्यांनी त्या मुलासाठी देऊ केला. सीसीटीव्हीची ती फीत लाखोंनी पाहिली, पण तिला आवाज नव्हता. मला वांगणीचा आवाज हवा होता.

बदलापूरच्या पुढचं हे स्टेशन. इथे कितीतरी अंध कुटुंबं राहतात. घरभाडं आवाक्यातलं, आणि लोकल थेट मुंबईत नेऊन सोडते. कुणी डब्यात पासाची कव्हरं विकतं, कुणी गातं. ज्यांच्याकडे मी रेकॉर्डिंगला गेलो ते काका ढोलकी वाजवत गाणारे, मावशी खंजिरीवर. दोघांनाही जन्मापासून दिसत नाही.

माझ्याकडे काडेपेटीएवढे दोन डिजिटल ट्रान्समीटर आणि एक रिसीव्हर. आवाजाचे आकडे करून २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर पाठवणारं हे यंत्र. घरोघरचं वायफायही त्याच पट्ट्यात चालतं. मी हिरवा दिवा लागल्याचं सांगितलं. काका म्हणाले, "दिव्याचं मला काय सांगतोस? हेडफोन दे."

हेडफोन कानाला लावून ते बोलू लागले आणि लगेच थांबले. "माझा आवाज माझ्या मागून येतोय रे." आकडे करून, पाठवून, पुन्हा आवाज करण्यात काही मिलिसेकंद जातात, ते त्यांना पहिल्याच वाक्यात कळलं. मग खोलीत गोल फिरून म्हणाले, "तुझ्याकडे तोंड केलं की तुटतंय." ट्रान्समीटर पाठीमागे पट्ट्याला होता, मी समोर बसलेलो. माणसाच्या शरीरात पाणीच जास्त, आणि या लहरी त्यात विरतात. ट्रान्समीटर पुढे घेतला, तुटणं थांबलं. कॉलरच्या माइकवर ढोलकीची दोरी घासत होती, तीही त्यांनीच ऐकली. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, दोरीपासून दूर, त्यांनी स्वतः चाचपून लावला.

खरी शिकवण पुढेच होती. आवाजाची पातळी लावायची तर सगळेच "हॅलो, वन टू थ्री" म्हणवून घेतात. काका म्हणाले, "हॅलो काय म्हणतोस? माणूस हॅलो हळू म्हणतो आणि मग गाताना ओरडतो. मी आधी वरची पट्टी लावतो, तू काटा त्यावर लाव." आणि अंतऱ्यातली सगळ्यात उंच जागा त्यांनी पूर्ण गळ्यानं घेतली. डब्यातल्या गर्दीवर आवाज चढवत घडलेला गळा तो. उणे १२ डेसिबलच्या वर काहीच जाणार नाही अशा बेतानं मी गेन उतरवला. डिजिटलमध्ये आवाज शून्याच्या वर गेला की लहरीचा माथा छाटला जातो, आणि तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं धड जुळत नाही. मी हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण त्यासाठी गाणाऱ्यानं गाण्याचा कळस आधी गाऊन दाखवावा, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

मावशींनी दोन्ही ट्रान्समीटर हातात घेऊन पाहिले. "दोन्ही सारखेच. माझा कुठला, ह्यांचा कुठला?" पदराच्या गाठीतून रबरबँड काढून त्यांनी एकाला दोन वेढे दिले. तो रबरबँड तसाच आहे. स्टेशनवर काळोख झाला, दिवे गेले, तरी माझी बोटं आता ट्रान्समीटर चुकत नाहीत.

मानधन त्यांनी घेतलं, ते हक्काचंच होतं. त्यांचे कान मात्र मी फुकट वापरले. आज अंबरनाथ-उल्हासनगरकडच्या ज्या मुलांना रेकॉर्डिंग शिकवतो, त्यांना पहिल्या दिवशी हेच करायला लावतो: यंत्राचा पडदा झाकायचा, हेडफोन लावायचा, आणि समोरच्याला म्हणायचं, तुमचा सगळ्यात मोठा आवाज आधी ऐकवा. ही काकांची रीत आहे, हेही सांगतो.

गाण्यांची प्रत त्यांच्या फोनमध्ये टाकली. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकनं फाइलचं नाव इंग्रजी आकड्यांत वाचलं, तेव्हा काकांनी ते बदलायला लावलं: प्रत्येक गाण्याला त्याचं नाव, पुढे वांगणी.

मावशींच्या जात्यावरच्या ओव्या अजून राहिल्यात. त्यांची अट ठरलेली आहे: दुपारी ये, गाड्यांची वर्दळ कमी असते तेव्हा. आणि हेडफोन ह्यांच्या कानाला लाव.