एक चाक गरगरतंय

स्पीडोमीटरचा काटा ४०वर होता आणि आमची व्हॅन जागची हलली नव्हती.

उजव्या आरशात पाहिलं तर मागचं उजवं चाक एकदम शांत, पार्किंगमध्ये उभं असल्यासारखं. डाव्या आरशात चिखलाचं कारंजं. शेजारच्या सीटवर आबा. दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला तेव्हापासून त्यांचा उजवा हात मांडीवर ठेवलेला असतो आणि शब्द एकेक करून बाहेर येतात. ते म्हणाले, "थांब. खोल... जाईल."

मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. इंजिन शांत झालं आणि पाण्याचा आवाज ऐकू आला.

जागा होती गिरणा धरणाच्या पाण्याचा काठ. आमच्या नांदगावच्या उत्तरेला, तालुक्यातच. ऑक्टोबरचा शेवट, परतीचा पाऊस नुकताच होऊन गेलेला, धरण भरलेलं. झटका आल्यापासून आबांनी स्वतःहून काही मागितलं नव्हतं. जेवायला वाढलं तर जेवायचे, बसवलं तर बसायचे. त्या दिवशी दुपारी अंगणातल्या माझ्या व्हॅनकडे बोट करून म्हणाले, "धरणावर ने." मी नेलं. डांबरी रस्ता सोडून पाण्यापर्यंत जाणारी गाडीवाट दिसली, मी व्हॅन खाली घातली. उजवी बाजू मुरमावर होती, डावी काळ्या मातीवर. शंभर पावलंसुद्धा गेलो नसू.

काळी माती ज्यांच्या पायाला लागली आहे त्यांना सांगायला नको. पाणी पिऊन ती फुगते, साबणासारखी होते आणि टायरच्या नक्षीत जाऊन बसते. दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत. मग तो टायर राहत नाही, मातीचा गोळा होतो.

पण मला कोडं पडलं होतं ते उजव्या चाकाचं. ते तर मुरमावर होतं. घट्ट जमीन, चांगली पकड. सगळा जोर लावायची ताकद त्याच्यात होती. मग ते का फिरत नव्हतं?

त्याचं उत्तर आसाच्या मधोमध असलेल्या लोखंडी गोळ्यात असतं. डिफरन्शियल. ते कशासाठी लागतं हे आधी सांगते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त चालावं लागतं. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल तर एक पूर्ण गोल मारताना बाहेरचं चाक सुमारे साडेनऊ मीटर जास्त चालतं, गोल लहान असो की मोठा. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की बांधली तर वळताना एखादं घासत, फरफटत जाणार. बैलगाडीला ही अडचण नाही, कारण बैल गाडीला ओढतो, चाकाला फिरवत नाही. दोन्ही चाकं आसावर आपापली मोकळी फिरतात. आमच्या नांदगाव स्टेशनवरून धडधडत जाणाऱ्या रेल्वेची चाकं मात्र एकाच दांड्याला पक्की असतात. तिथे चाकाच्या कडेला उतार दिलेला असतो. वळणावर चाकांची जोडी थोडी सरकते आणि बाहेरचं चाक आपल्या मोठ्या घेरावर चालतं. मोटारीचं तसं नाही. तिथे इंजिनच चाकं फिरवतं, म्हणून मधे दातेरी चक्रांची सोय लागते. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेक्वरने १८२७च्या सुमारास ती वाफेच्या गाडीसाठी केली आणि आजही जवळजवळ प्रत्येक गाडी तिच्यावरच चालते.

ही सोय दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते, पण जोर दोघांना सारखाच देते. घोळ इथेच आहे. समजा गाडी हलायला ३५० एवढा जोर हवा आहे. चिखलातलं चाक १००वरच घसरतं. मग मुरमावरच्या चाकालाही १००च मिळतो. बेरीज २००. गाडी उभी. वर घसरणारं चाक दुप्पट वेगाने फिरतं, कारण दुसऱ्याच्या वाटणीच्या फेऱ्याही तेच मारतं. काटा ४० दाखवत होता तेव्हा डावं चाक ८०ने पळत होतं. आणि आम्ही कुठेच जात नव्हतो.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी मला एवढंच दिसत होतं की ऊन उतरतंय आणि आबांची रात्रीची गोळी घरी आहे.

आबांनी तरुणपणी काळी-पिवळी जीप चालवली होती. त्यांनी डाव्या हाताने मधल्या हँडब्रेकवर टकटक केलं आणि दोन बोटं दाखवली. "दोन... कडी. हळू." मी हँडब्रेक दोन कडी ओढला आणि हळू गाडी उचलली. व्हॅन हातभर पुढे सरकली आणि परत बसली. मग आबांनी मागे मान वळवून डावीकडे बोट केलं. जीप फसली की ते पॅसेंजरांना उतरवून फसलेल्या चाकाच्या बाजूला मागच्या पायरीवर उभं करायचे. चाकावर वजन पडलं की पकड वाढते. आमच्याकडे पॅसेंजर नव्हते. प्यायच्या पाण्याचे तीन कॅन होते, ६० लिटर, आणि ते मी उजव्या बाजूला बांधले होते. ते डावीकडे हलवले, गॅसची शेगडी हलवली, बेडखालची पेटी हलवली. आणखी हातभर. आणि मग चाक आसापर्यंत आत.

हँडब्रेकची युक्ती मी पुढे कागदावर मांडून पाहिली. तो दोन्ही मागच्या चाकांना सारखाच धरतो, त्यामुळे घट्ट चाकाला मिळालेला जादा जोर तो तिथेच खाऊन टाकतो. फायदा होतो तो एवढाच की घसरणारं चाक सावकाश फिरतं, जमीन कमी उकरतं. पण तेव्हा मला आबा वर्षानुवर्षांनी कुणाला काहीतरी शिकवताना दिसत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि डोळे जागे होते.

फोन करावा असा एकच माणूस होता. त्याच्याशी पाच महिने धड बोलणं नव्हतं.

दादा शेती बघतो आणि आबांना बघतो. मी पुण्यात नोकरी करते. जूनमध्ये साठवलेल्या पैशातून ही जुनी व्हॅन घेतली, आत प्लायचा बेड टाकला, पडदे लावले. कायद्याने गाडीच्या मूळ रचनेत मनासारखे बदल करता येत नाहीत, म्हणून सगळं काढता येईल असंच केलं. दर शनिवार-रविवारी कुठेतरी. रील टाकायचे. दादाने एक रील पाहिला आणि फोन केला. म्हणाला, "आबांच्या फिजिओथेरपीचे पैसे तू विचारून देतेस. आणि चाकावरचं घर न विचारता घेतेस." मी म्हटलं, माझे पैसे आहेत. तो म्हणाला, "हो, पैसे तुझेच आहेत." आणि ठेवला.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, "दादा, गाडी रुतली. आबा बरोबर आहेत."

"कुठं?"

सांगितलं.

"त्यांना पाणी दे. शाल आहे का?"

"आहे."

"येतो."

ट्रॅक्टरचा दिवा दिसला तेव्हा साडेआठ वाजले होते. दादाने आधी आबांना गोळी दिली, मग टॉर्च घेऊन चाकाकडे गेला. शिवी दिली नाही, विचारलं नाही. साखळी काढली आणि टोचन लावलं. ट्रॅक्टरने ओढ घेतली आणि गंमत बघा, त्याचंही एक मागचं चाक त्याच मातीत जागच्या जागी फिरायला लागलं. मला वाटलं, संपलं. दादाने क्लच दाबून चाक थांबवलं, उजव्या टाचेने खालचं एक छोटं पेडल दाबलं आणि परत हळूच क्लच सोडला. दोन्ही मोठी चाकं एकदम, एका दमात फिरली. व्हॅन चिखलातून दाढ उपटावी तशी बाहेर आली.

"ते काय दाबलंस?"

"डिफ लॉक. प्रत्येक ट्रॅक्टरला असतो. नांगराला एक चाक तासात, एक वर. त्याच्याशिवाय चालेल का?" मग म्हणाला, "डाव्या-उजव्या चाकाला वेगळा ब्रेक पण असतो. गरगरणाऱ्याला धरलं की जोर दुसऱ्याला जातो. तुझ्या गाडीत काय आहे?"

माझ्या गाडीत पडदे होते. तसल्या वाटेसाठी काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नांदगावातल्या गॅरेजात व्हॅन धुवायला लावली. दादा आपणहून बरोबर आला. मिस्त्रींना मी विचारलं, ट्रॅक्टरसारखं लॉक हिला बसतं का. ते म्हणाले, बसेल, पण डांबरी रस्त्यावर लॉक चुकून राहिलं तर गाडी वळायला मागत नाही, टायर घासतात, आस तुटू शकतो. ट्रॅक्टरवाला वळायच्या आधी टाच काढतो. तुम्ही विसराल. तुम्हाला हवं ते एलएसडी. लिमिटेड स्लिप.

त्यांनी चहाच्या दोन बशा एकमेकींवर ठेवून दाखवलं. डिफरन्शियलच्या आत अशा चकत्यांची चळत बसवतात, एक चकती घराला बांधलेली, पुढची चाकाच्या दांड्याला, परत घराला, परत दांड्याला. स्प्रिंग त्यांना दाबून ठेवते. चाकं जवळजवळ सारखी फिरतात तोवर चकत्या गप्प असतात. वळणावर थोडा फरक पडला तर घासत-घासत तो होऊ देतात. पण एक चाक फारच पळायला लागलं की चकत्यांचं घर्षण त्याला मागे धरतं आणि तेवढा जोर दुसरीकडे वळतो. घसरणाऱ्याच्या तिप्पट जोर दुसऱ्याला जाईल अशी रचना असेल तर आपल्या हिशेबात १०० अधिक ३००, म्हणजे ४००. ३५० हवे होते. गाडी निघाली असती.

ही चीज मुळात चिखलासाठी झालीच नाही. १९३०च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांच्या ऑटो युनियन रेसकारची ताकद इतकी होती की कोरड्या रस्त्यावरही एक चाक घसरायचं. त्यावर उपाय म्हणून जर्मनीतल्या झेडएफ कंपनीने १९३५मध्ये असं डिफरन्शियल बनवून दिलं. आपल्याकडे फोर्स गुरखाला पुढेमागे पूर्ण लॉक मिळतात. २०२०च्या महिंद्रा थारच्या मागच्या आसावर आणि २०२१च्या बोलेरो निओच्या एका मॉडेलमध्ये आपोआप लागणारं लॉक आलं. त्याच २०२१मध्ये महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. पण माझ्यासारख्यांच्या व्हॅन मुळात शहरात माणसं नाहीतर माल वाहायला बनलेल्या असतात. आपण त्यांच्यात बेड टाकतो आणि समजतो की त्या आता कुठेही जातील.

मिस्त्रींनी आकडा सांगितला. माझा दीड महिन्याचा पगार. मी गप्प झाले. दादाही गप्प. मग तोच म्हणाला, "आधी टायर बदल. आणि हवा मोजायचं मीटर घे, मऊ जमिनीत थोडी हवा सोडायची, टायर पसरतो. फावडं ठेव. आणि उतरून पायाने वाट बघत जा. हे सगळं त्या डब्यापेक्षा स्वस्त आहे."

बरोबर होतं. एलएसडी काही जादू नाही. दोन्ही चाकं चिखलात असली तर दोन्ही मिळून घसरतात, आणि उतारावर तिरकी उभी असेल तर गाडीची शेपटी खाली सरकायची भीती उलट वाढते. हे मिस्त्रींनीच सांगितलं.

परत येताना मी दादाला विचारलं, तू घराबाहेर शेवटचा कधी झोपलास? त्याने बराच विचार केला. "आबांच्या वेळेस. हॉस्पिटलात."

आम्ही त्या दिवशी समान वाटण्या केल्या नाहीत. तसं होणारही नाही. त्याची जमीन इथे आहे, माझी नोकरी तिथे. मी महिनाभर पळाले तरी त्याच्या एका दिवसाएवढी पकड माझ्या हातात येत नाही. माझं चाललं होतं ते त्या डाव्या चाकासारखं, वेग भरपूर आणि घर जागच्या जागी. एवढंच ठरलं की महिन्यातला पहिला आठवडा मी घरून काम करणार, नांदगावला. आबांची मालिश, व्यायाम, रात्रीचं उठणं माझ्याकडे. त्या आठवड्यात दादाने रात्री उठायचं नाही. पहिल्या महिन्यात आम्ही तीनदा भांडलो. औषधं कुठे ठेवायची यावरून सुद्धा.

टायर नोव्हेंबरात घेतले. एप्रिलमध्ये मागच्या आसाचं बेअरिंग गेलं, डिफरन्शियल तसंही उघडावं लागणार होतं. मिस्त्रींनी त्याच आसाच्या दुसऱ्या मॉडेलसाठी बनलेलं एलएसडी मागवलं. निम्मे पैसे दादाने दिले. मी नको म्हटलं. तो म्हणाला, "आबांना त्यातनंच नेतेस ना?"

बसवून झाल्यावर दादाने स्वतः चालवून बघितली. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण फिरवून सावकाश गोल मारला. मागून कट-कट-कट असा आवाज यायला लागला.

"आवाज येतोय," दादा म्हणाला.

मिस्त्री बाहेरून ओरडले, "येणारच थोडा! नवीन चकत्या आहेत. तेलात औषध टाकलंय, होईल कमी."

दादाने आणखी एक गोल मारला. आबा मागच्या बेडवर बसले होते, डाव्या हाताने कडी धरून.

"धरणावर," ते म्हणाले.

दादाने माझ्याकडे बघितलं. "फावडं घेतलंस?"

घेतलं होतं.