पणजोबांची बहीण

गांधीजींचा बाप्तिस्मा झाला होता. 1996 साली, म्हणजे त्यांना जाऊन 48 वर्षं उलटल्यावर. मॉर्मन पंथाच्या मंदिरात कुणी एक माणूस त्यांच्या नावानं पाण्यात बुडी मारून वर आला आणि दप्तरात तशी नोंद झाली. 2012 मध्ये ही बातमी फुटली, थोडाफार गलका झाला, विरूनही गेला. मला तेव्हा राग आला नव्हता, हसू आलं होतं. आता तेवढं हसू येत नाही. मधल्या काळात आमच्याच घरात मेलेल्यांची शोधाशोध सुरू झाली.

मॉर्मन लोकांचं म्हणणं साधं आहे. ख्रिस्ताचं नाव कानावर न पडताच जे गेले, त्यांनी काय करायचं? बायबलात, करिंथकरांना लिहिलेल्या पौलाच्या पहिल्या पत्रात, मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा ओझरता उल्लेख येतो. बहुतेक ख्रिस्ती पंथांनी त्याची चाल केली नाही. जोसेफ स्मिथ यांनी 1840 मध्ये इलिनॉयमधल्या नॉवू गावी ती केली. पहिल्या बुड्या मिसिसिपी नदीतच मारल्या गेल्या. आता मंदिरात बारा बैलांच्या मूर्तींच्या पाठीवर तोललेला हौद असतो. (बेंदराला बैलाच्या पाया पडणाऱ्या आमच्या बारामती-इंदापूरच्या माणसाला एवढं ऐकूनच निम्मं पटेल.) पुरुषासाठी पुरुषानं बुडायचं, बाईसाठी बाईनं. मेलेल्याला तो बाप्तिस्मा पत्करायची किंवा नाकारायची मुभा आहे, असंही ते सांगतात. पण मुभा द्यायलाही आधी नाव लागतं. या नावांपायी त्यांनी 1894 मध्ये वंशावळींची संस्था काढली आणि पुढे जगभरच्या जन्ममृत्यूच्या वह्यांच्या फिल्म केल्या. युटातल्या एका ग्रॅनाइटच्या डोंगरात कोरलेल्या तिजोरीत अशी सुमारे 24 लाख रिळं आहेत. 1977 पासून हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही फिल्म निघाली. गंगेवर आलेल्या यजमानानं आजा-पणजाची नावं लिहून दिली ती पुढच्या पिढीनं येऊन वाचावीत म्हणून. ती आता अमेरिकेतल्या वंशावळ-दप्तरातही आहेत.

नात्सी छळछावण्यांत मारलेल्या ज्यूंनाही या लोकांनी असंच पाण्यात घातलं. ज्यू म्हणूनच ज्यांना मारलं, त्यांना मेल्यावर ख्रिस्ती करायचं! 1995 मध्ये करार झाला आणि जवळपास 3 लाख 80 हजार नावं यादीतून काढायचं ठरलं. पुढेही अधूनमधून नावं घुसत राहिली. यादीत आपल्या आईबापांची नावं सापडलेल्या माणसाची कळ मला समजते. त्यांना विचारलं कुणी?

हाच प्रश्न स्वतःकडे वळवला की मात्र अवघड होतं. इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा आणि भीमा मिळतात ते नीरा-नरसिंहपूर. लक्ष्मीनृसिंहाचं देऊळ, खाली घाट, संगमात अस्थी सोडायला आलेली माणसं. तिथं स्वतःची आंघोळ उरकल्यावर आणखी एक बुडी मारणारे मी लहानपणापासून बघतो. ‘ही आईच्या नावाची’ म्हणतात आणि नाक धरून खाली जातात. धर्मशास्त्रात याला चक्क आधार आहे. आई, बाप, भाऊ, मित्र, गुरू यांपैकी कुणाचं नाव मनात धरून बुडी मारली तर पुण्याचा आठवा हिस्सा त्याच्या खात्यावर जातो. मॉर्मन पुरता बाप्तिस्मा पोचता करतात, आपल्याकडे दोन आणे. मला आपला हिशेब जास्त प्रामाणिक वाटतो. दुसऱ्यानं मारलेल्या बुडीनं माणूस सगळा कसा भिजेल?

तर्पणातही तसंच. बाप वसुरूप, आजा रुद्ररूप, पणजा आदित्यरूप. त्यापलीकडचे नावानिशी क्वचितच येतात. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावं, अशी सोय आहे. निपुत्रिक गेलेल्या गोत्रजांसाठी शेवटी अंगावरचं वस्त्र पिळून ते पाणी सोडतात. आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या घरी एवढा विधी नसतो. भाद्रपदात पितर जेवू घालायचे, निखाऱ्यावर आगारी टाकायची, कावळ्याला घास ठेवायचा. सवाष्ण गेलेल्या बायकांना अविधवा नवमी. देव्हाऱ्यात टाक असतात, त्यांत एखादा वीराचा. तो वीर कोण, कशात पडला, हे घरात कुणाला सांगता येत नाही; हळदकुंकू मात्र चुकत नाही. पळसदेवचं जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि त्याच्या आवारातले वीरगळही. गाईंसाठी, गावासाठी, राजासाठी पडलेले ते लोक. दगडावर लढाई आहे, अप्सरा आहेत, वर शिवलिंग आहे. नाव बहुतेक वीरगळांवर नसतंच.

म्हणजे नावाची फिकीर आपल्याला कधी पडते? गरज लागली की. इंदापुरातच त्याचं मोठं उदाहरण आहे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले असं मानतात. साल कोणतं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. त्यांची गढी गावात आहे. नातवाचा राज्याभिषेक 1674 मध्ये ठरला तेव्हा भोसल्यांचं कुळ मेवाडच्या सिसोदियांना जोडणारी वंशावळ पुढे आली, मग मुंज झाली, मग अभिषेक. मालोजीराजे घोड्यावर बसले होते तेव्हा त्यांना ही वंशावळ लागली नव्हती. लागली ती नातवाला.

सध्या गावोगाव चाललं आहे ते याच जातीचं काम. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध, आधी मराठवाड्यापुरता आणि मग राज्यभर, सुरू झाला. आरक्षणासाठीच्या कुणबी दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा पाहिजे. तोवर ज्यांना पणजोबाचं नाव विचारलं तर आभाळाकडे बघावं लागे, ती पोरं आता खापरपणजोबापर्यंत घडाघडा बोलतात. गाव नमुना 14, कोतवाल बुक, शाळेचा निर्गम उतारा, जुने फेरफार हे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येतात. मोडी वाचणाऱ्याला कधी नव्हे तो भाव आला. आरक्षण कुणाला आणि किती, हा वाद इथं काढत नाही. माझं मत आहे आणि ते घरात कुणाला आवडत नाही. पण चार पिढ्यांचा तक्ता भरा म्हणून मॉर्मन चर्च आपल्या माणसांच्या मागे लागत असे. ते आपल्याकडे एका दाखल्यानं करून दाखवलं.

आमच्या पुतण्यानं शोध घेतला तेव्हा पणजोबांची जन्मनोंद काही निघाली नाही. त्यांच्या दोन्ही भावांची नाही. कागदाच्या कडा गेलेल्या, शाई तांबूस पडलेली, मोडीची अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेललेली. मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी बोट ठेवलं ते मृत्यूच्या रकान्यातल्या एका ओळीवर. बापाचं नाव आमच्या खापरपणजोबांचं, आडनावासकट. जात कुणबी. रोग ताप. वय तीन दिवस. मयताच्या नावाच्या जागी फक्त ‘मुलगी’.

ही पणजोबांची बहीण. ती होती हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तीन दिवसांत बारसं होत नाही, त्यामुळे नाव नाही. दात यायच्या आत गेलेल्या पोराला आपल्याकडे पुरतात, जाळत नाहीत. त्याला पाणी सोडायचं नसतं, श्राद्ध नसतं. म्हणजे आमच्या भाद्रपदातल्या कुठल्याही पानावर तिचा हक्क कधी नव्हता. गंमत अशी की मॉर्मन लोकांच्या हौदातही ती आली नसती. आठ वर्षांच्या आत गेलेलं लेकरू निष्पापच असतं, त्याला बाप्तिस्मा लागत नाही, असं ते मानतात. दोन्ही धर्मांनी तिला मायेनं सूट दिली आहे, आणि त्या सुटीमुळेच तिची आठवण ठेवायची कुणावर वेळ आली नाही. तिची दखल घेतली ती एकट्या कोतवाल बुकानं. इंग्रजी अमलात तो दंडकच होता: गावात कोण जन्मलं, कोण मेलं, कशानं मेलं. ज्यानं ती ओळ लिहिली त्याला तिचं काही सोयरसुतक असेल असं वाटत नाही. पण लिहिली. आणि आज साऱ्या भावकीची मदार त्या ओळीवर आहे.

वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करायला आम्ही बसलो तेव्हा हा पेच आलाच. असल्या तक्त्यात मुलगे काढतात, मुली सहसा काढत नाहीत. आमच्या तक्त्यात माझी आई नाही, आजी नाही, बहिणीही नव्हत्या. पण पुरावाच जर खापरपणजोबांच्या मुलीचा, तर ती तक्त्यात पाहिजे. पुतण्यानं चौकोन काढला आणि पेन थांबवलं.

“नाव काय घालू?”

काकी मागं गहू निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “नाव नव्हतं तर नव्हतं. घाल काहीतरी, तुझ्या कामाला आली ना?”

“काहीतरी घालून चालत नाही काकी, उताऱ्याशी जुळलं पाहिजे. त्रुटी काढतात.”

मग त्यानं उताऱ्यात होतं तेच लिहिलं: मुलगी, मयत. तीन भावांच्या रांगेत चौथा चौकोन. काकींनी चष्मा लावून तक्ता बघितला आणि विचारलं, तिचा काढलास तर माझ्या नणंदांचे का नाही काढले. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. कागद मोठा घ्यावा लागेल, म्हणाला. “मग घे की,” काकी म्हणाल्या, “झेरॉक्सवाल्याकडं काय मोठा कागद मिळत नाही होय?”